पेज घातलेला शर्ट

"मास्तरांनू, गजा गेलो," आमच्या वाडीतला सदू शाळेच्या व्हरांड्याला सायकल टेकवून म्हणाला, आणि मी उत्तरपत्रिकेवरून मान न उचलता विचारलं, "खंय?" चैत्रातला शनिवार होता, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचं काम चालू होतं, आणि 'गजा गेलो' या शब्दांचा मला गेल्या वीस वर्षांत एकच अर्थ ठाऊक होता. गजा कपडे करून माझ्या आधी निघाला, बंदरावर किंवा एस.टी. स्टँडवर वाट बघतोय, मी पाय उचलावा. त्या दिवशी आम्ही दोघं चारच्या गाडीनं वालावलीला दशावतार बघायला जाणार होतो, तेव्हा तो लवकर निघाला असेल तर नवल नव्हतं. सदू व्हरांड्याची पायरी चढून जवळ आला. मग म्हणाला, "गेलो म्हणजे... बावीकडे पडलो. डॉक्टर येवन गेलो." मी हातातल्या पेपरातल्या गुणांची बेरीज पुरी केली, ती पुन्हा एकदा तपासली, आणि पेनाला टोपण लावलं. आज पाच आठवडे झाले. ती बेरीज मला अजून पाठ आहे, आणि सदूला मी काय उत्तर दिलं ते मात्र आठवत नाही.

गजानन माझा मित्र, शेजारी, आणि लहानपणापासूनचा सोबती. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक कुंपण आणि एक विहीर, आम्ही तिला बाव म्हणतो. तो मालवणात सरकारी कचेरीत कारकून होता. टेबलापलीकडच्या माणसाशी "आपला अर्ज मिळाला, आता सोमवारी या" असं शुद्ध बोलायचा, आणि साडेपाचला कचेरीची पायरी उतरला की पहिल्याच माणसाला "काय रे, खंय चललंस?" म्हणून हाक मारायचा. त्याला स्वतःला हाच प्रश्न कुणी विचारला, तर त्याचं उत्तर ठरलेलं. "भायर." बाहेर म्हणजे कुठे, हे तो सांगत नसे. लोक मुद्दाम छेडायचे, "अरे पण भायर म्हणजे खंय?" तो म्हणायचा, "भायर म्हणजे भायर." बंदरावर जाऊन गोटीचा सोडा प्यायचा असो, तारकर्लीला कुणाच्या माडाखाली गप्पा मारायच्या असोत, की एखाद्या गावची जत्रा असो, त्याच्या लेखी सगळ्याचं नाव एकच. आणि भायर पडायचं तर माणसानं माणसासारखं पडावं, हा त्याचा हट्ट.

आम्ही तरुण असताना आमच्याकडे जरा चार पैसे मिळवणारा पुरुष टेरिकॉटच्या मागे होता. आखातातून आलेलं कापड, त्याची सफारी, वर चकचकीत बटणं. मालवणचा उन्हाळा काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घाम येतो आणि वाळत नाही, खारा वारा येतो आणि तो घाम अंगावर चिकटवून जातो. त्यात आम्ही टेरिकॉट घालून लग्नांना जायचो आणि पंख्याखालच्या खुर्चीसाठी भांडायचो. गजाकडे चारच शर्ट, चारही पांढरे, चारही सुती. काखेत सैल, बाह्या कोपराच्या वर, गळ्याचं एक बटण उघडं. शिंप्यानं मापाला दोन बोटं कमी केली तर तो शर्ट परत द्यायचा. "कपडो आंगाक लागता नये," तो मला सांगायचा, "आंगाभोवती ऱ्हवाक व्हयो." आणि कपडा तसा राहावा म्हणून तो शर्टाला पेज घालायचा, म्हणजे पेजेची खळ द्यायचा.

सकाळी आमच्या घरोघरी उकड्या तांदळाची पेज असते. गजा आपल्या वाटणीच्या पेजेवरची निवळ बाजूला काढून ठेवी, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळी, तिच्यात बावीचं पाणी घाली, आणि धुतलेला शर्ट त्यात बुडवून, हलक्या हातानं पिळून, झटकून, अंगणातल्या वलणीवर सावलीच्या बाजूला टाकी. सुट्टीच्या दुपारी करवंटीच्या कोळशाची इस्त्री. हे सगळं तो स्वतः करी, बावीवर, चारचौघांदेखत, कमरेला पंचा आणि अंगात फाटका गंजीफ्रॉक घालून. वाडीतल्या बायका पाणी भरता भरता हसायच्या. त्याची बायको, सुमतीवहिनी, हसायच्या नाहीत. एकदा माझ्या देखत त्या म्हणाल्या होत्या, "सगळो गाव ह्यांका इस्त्रीत बघता. माका काय, गंजीफ्राक!" गजा खजील झाला होता. पुढच्या शनिवारी तो वहिनींना घेऊन बंदरावर गेला, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा माझ्याबरोबर. तो काही देवमाणूस नव्हता. कपड्यांपायी त्यानं माझ्या कितीतरी एस.टी. चुकवल्या आहेत.

मिठबावचं एक लग्न आठवतं. वैशाख होता. माझ्या मेव्हण्यानं दुबईहून आणलेल्या चॉकलेटी कापडाची सफारी मी पहिल्यांदाच घातली होती. मंगलाष्टकं संपेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. गजानं मला दंडाला धरून घरामागच्या गोठ्याकडे नेलं, बटणं सोडवली, आणि म्हणाला, "मेल्या, तू नवरो न्हय, नवऱ्याचो बापूस न्हय, तुका ह्या चिलखत घालूक कोणी सांगल्यान?" मग आपल्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक शर्ट काढला. तो जादा शर्ट नेहमी बरोबर ठेवायचा. तो मी अंगात घातला, आणि मला अजून आठवतं, पाठीवरून वारा गेला. कापड आणि पाठ यांच्या मधून खरोखरचा वारा गेला! त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मी दोनदा मठ्ठा मागून घेतला, आणि ती सफारी पुढे माझ्या धाकट्या भावानं वापरली.

आमचं एकदाच बिनसलं, ते माझ्या वडिलांच्या मरणावरून. आमच्याकडे मयताला जाताना माणूस जुनेरं घालतो. परत येताना अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायची असते, म्हणून विटलेला, उसवलेला शर्ट त्यासाठी प्रत्येक घरात वेगळा ठेवलेला असतो. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. अण्णा गेले तेव्हा गजा आला तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, केस विंचरून, कोल्हापुरी चपला घालून. अंगणात कुजबुज झाली. मी दुःखात होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि सगळ्यांसमोर बोलून गेलो, "लग्नाक इलंस काय रे?" त्यानं पुढच्या बाजूनं तिरडीला खांदा दिला, शेवटपर्यंत खांदा बदलला नाही, आणि नंतर खाडीत आमच्याबरोबर बुडी मारली. बाहेर आला तेव्हा त्या शर्टाचं पोतेरं झालं होतं. त्यानंतर महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. कुंपणापलीकडे तो शर्ट झटकायचा त्याचा आवाज यायचा, आणि मी खिडकी लावून घ्यायचो.

महिन्यानं तोच आला. मला तारकर्लीला घेऊन गेला, वाळूवर रुमाल पसरून बसला. त्याच्याकडे नेहमी दोन रुमाल असत, एक बसायला आणि एक घामाला. म्हणाला, "अण्णा जल्मभर बाजारात जाताना टोपी झटकून गेले. शेवटचे भायर पडले, तेव्हा आम्ही तेंच्याबरोबर न्हाणीतले कपडे घालून जावचा? तेंका बरा वाटला असता?" मग तो हसला. "माझ्या वेळेक तू असो येव नको हां. पेज घातलेलो, सफेत, कडक शर्ट घालून ये. लोक काय म्हणतले ते म्हणांदे. कबूल कर." मी म्हटलं, "आधी मी गेलो तर?" तो म्हणाला, "तर मी येतलंयच. माका सांगूक नको." मी कबूल केलं. त्यात काय विशेष होतं, आम्ही दोघंही तेव्हा पस्तिशीच्या आतबाहेर होतो... समोर पोरं रापणीचं जाळं ओढत होती, आम्ही तिकडं बघत बसलो.

तर त्या शनिवारी मी शाळेतून घरी आलो. बायकोनं खुर्चीवर कपडे काढून ठेवले होते, कुणाही मयताला ठेवते तसे. मी ते चढवले आणि कुंपण ओलांडून गेलो. गजा ओटीवर निजवलेला होता. पडला तेव्हा अंगात तोच फाटका गंजीफ्रॉक होता म्हणे. आता त्याच्यावर दुकानातून आणलेलं कोरं कापड होतं. कोऱ्या कापडाला खळ असतेच, तेवढीच काय ती. अंगणात वलणीवर त्याचा शर्ट वाळत होता. वालावलीला घालायचा. सकाळीच पेज घालून त्यानं तो टाकला, आणि बादली उचलायला वाकला तो उठलाच नाही. लोक त्या शर्टाखालून ये-जा करत होते, बांबू आणत होते, मडकं आणत होते. कुणाचं डोकं लागलं की तो जरा हलायचा. कडक झाला होता. मी ते सगळं पाहत होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. माझा स्वभाव असा नाही, शाळेतल्या साध्या निरोपसमारंभातही मला रडू येतं. त्या दिवशी आत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं होतं.

स्मशानाच्या निम्म्या वाटेवर, चिंचेच्या वळणाशी, मी खांदा बदलायला हात वर केला आणि मला माझी बाही दिसली. तिच्यावर काजूच्या बोंडाचा काळपट डाग होता. गेल्या वर्षी बिया काढताना पडलेला. हा डाग कापड फाटलं तरी जात नाही, म्हणून तर तो शर्ट मयतासाठी ठेवलेला. त्या क्षणी मला तारकर्ली आठवली. परत फिरणं शक्य नव्हतं, खांद्यावर तो होता. मी तसाच चालत राहिलो. गजाच्या शेवटच्या भायर पडण्यात त्याच्याबरोबर मी चाललो होतो, काजूचा डाग घेऊन, कॉलर उसवलेली, वरचं बटण नसलेलं. त्यानं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि तीच मी विसरलो. रागानं नव्हे, लोकलाजेनं नव्हे, नुसत्या सवयीनं. रडू तेव्हाही आलं नाही. खाडीत बुडी मारली, घरी आलो, शर्ट पिळून वाळत टाकला.

रडू बाराव्याला आलं नाही, तेराव्याला नाही, त्यानंतरच्या शनिवारीही नाही. शाळेला सुट्टी लागली. सकाळची पेज झाली की मी उगाच खिडकीशी उभा राहायचो. कुंपणापलीकडून शर्ट झटकल्याचा आवाज यायचा नाही, आणि मी पुन्हा येऊन बसायचो. कुणी विचारलं तर बरा आहे म्हणायचो, आणि ते खोटंही नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो.

परवाच्या शनिवारी मी सकाळी पेजेवरची निवळ काढून ठेवली. बायको बघत राहिली. बावीवर गेलो, पांढरा शर्ट बुडवला, पिळला, झटकला. वाडीतल्या बायका पाणी भरत होत्या. या वेळी कुणी हसलं नाही. दुपारी इस्त्री केली, ती दोन ठिकाणी चिकटली. साडेपाचला तो शर्ट अंगात घालून मी निघालो. गळ्याचं एक बटण उघडं, खिशात दोन रुमाल.

गजाच्या ओटीवर सुमतीवहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या मागे खुंटीवर गजाचा तो शेवटचा शर्ट होता. वलणीवरून काढला तसा टांगलेला, इस्त्री न केलेला. वहिनींना सगळ्यांनी सांगून झालंय की तो एकदा धुऊन टाका, पेजेला झुरळं लागतील. त्या धूत नाहीत. धुतला तर पेज जाईल, आणि ती त्याच्या हातची आहे. मी मान खाली घालून पुढे जाणार, तोच त्यांनी हाक मारली.

"भावजींनू, खंय चललास?"

"भायर," मी म्हटलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्या कॉलरकडे, बाह्यांकडे, खालपर्यंत नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "पेज दाट झाली. दोनदा गाळूक व्हयी होती."

मी "होय" म्हणालो. पाचव्या आठवड्यात, त्यांच्या अंगणात, वलणीखाली उभा राहून मी पहिल्यांदा रडलो. घामाचा रुमाल भिजला तेव्हा बसायचा काढला. माझं रडू ओसरल्यावर त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या, आणि मी बंदराच्या रस्त्याला लागलो.