आतनं कडी हाय

“ऐकलंस का गं? देशसेवेला चला म्हणती, आन् बाथरूमला आतनं कडी हाय म्हणती!” मंगळवार पेठेत मेथीची जुडी उलटसुलट बघत एक बाई दुसरीला म्हणाली आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. समोरच्याच रिक्षात, कर्ण्याखाली, स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून मी बसले होते. कर्ण्यातला आवाज माझ्या आत्याचा होता. मुलींना सैन्यात बोलावणाऱ्या जाहिराती पुष्कळ असतील, पण देशाची हाक न्हाणीघरापासून सुरू करणारी बाई अख्ख्या हिंदुस्थानात एकच, आणि ती माझ्या वाट्याला आली आहे.

आत्या शाळेत खेळ शिकवायची. निवृत्त झाल्यावर कागल रस्त्याला एका माजी सुभेदारांच्या भरती अकॅडमीत तिने मुलींची तुकडी सुरू केली आणि त्यांच्या राहण्यासाठी एक मोठी खोली भांडून मिळवली. तिचा आवाज असा, की ती फोनवर बोलू लागली की पलीकडच्याने फोन कानाला न लावताही भागावं. घरात टीव्हीवर सैन्याची जाहिरात लागली, की ती सगळ्यांना गप्प करून पुढे सरकून बसते. बर्फाळ शिखरावर एक मुलगी उभी असते. “हिचं केस उडाय लागल्यात, पण तोंडावर एक येत न्हाय. आन् घाम कुठाय?” एकदा तर ती पडद्याकडे बोट दाखवून कळवळून म्हणाली, “पूर्वी जाहिरातीत बायका ओवाळाय असायच्या. आता तीच निघालीया, मग ताट कुणाच्या हातात हाय ते दावा की! बापाच्या हातात द्या!” माझे वडील तेव्हा शेजारीच चहा पीत होते, त्यांनी कप हळूच खाली ठेवला.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून रिक्षातल्या घोषणेचा मजकूर माझ्याकडे आला. ‘मुलींनो, स्वप्नांना आकाशाची उंची द्या’ असं काहीतरी मी मोठ्या कष्टाने लिहिलं. आत्याने ते दोनदा वाचलं. “ब्येस लिवलंयस. पण हे कुणाला म्हणायचं?” मी म्हटलं, “मुलींना.” “पोरी तयारच हाईत गं. तेंला वर्दी दिसती. आईला रात्रीचं बाथरूम दिसतंय.” मग मला अकॅडमीत नेऊन तिने त्या बाथरूममध्ये ढकललं, आत कडी लावायला सांगितली आणि बाहेरून दार असं गदागदा ओढलं, की चौकटीचा चुना माझ्या डोक्यावर पडला. कडी हलली नाही. “आता लिही,” ती बाहेरून ओरडली. मी तरीही आकाशाचंच ठेवलं. तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि आपलंच बोलत राहिली. एमआयडीसीतून सुटून मोटरसायकलवर जाणाऱ्या माणसाला कर्ण्यातून म्हणायची, “ओ पावणं, पोरगी काय करतीया? बसवून ठेवलीया व्हय?” कुणी आई दबकत विचारायची, “आन् लग्नाचं?” की लगेच सगळ्या गल्लीला उत्तर जायचं, “हुतंय की! नवरा भाकरी थापाय शिकतोय, येवढंच!” मी स्कार्फ आणखी वर ओढायचे.

एकदा फक्त तिचा आवाज खाली आला होता. रिक्षाला बांधलेल्या फ्लेक्सवरच्या सॅल्यूट ठोकणाऱ्या मुलीकडे बघत ती म्हणाली, “आमच्या वक्ताला पेपरात ‘तरुण पाहिजेत’ असं यायचं. मी बी तरुणच हुतो.” मी सहसा बोलत नाहीच.

या वर्षी तिच्या घशात गाठी निघाल्या. डॉक्टरांनी बोलणं पार बंद करायला सांगितलं. आत्याने गळ्यात शिट्टी अडकवली. एक शिट्टी म्हणजे चहा, दोन म्हणजे पंखा बंद, आणि वडील पेपरात दडून बसले तर पेपर खाली ठेवेपर्यंत वाजत राहणार. पण शिट्टीत जाहिरात मावत नव्हती. सुभेदार अवघडून म्हणाले, “बाई, यंदा पोरी न्हाई आल्या, तर ती खोली पोरांस्नी द्यायला लागंल. दारात उभी हाईत.” आत्याने नुसती मान हलवली. ती इतकी कमी जागा घेऊन बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

पेठ वडगावच्या बाजारादिवशी तिने मला रिक्षात घातलं. बाजाराच्या मध्यावर गाडी थांबवली, अशी शिट्टी मारली की तराजू हातातच राहिले, आणि माइक माझ्या हातात दिला. मी तिच्या पर्समधला माझा तो कागद काढून उघडला. “मुलींनो, स्वप्नांना आकाशाची उंची द्या.” माझा आवाज कर्ण्यातून बारीक, स्वच्छ आणि परका आला. बाजाराने क्षणभर ऐकलं आणि तो पुन्हा कांद्याकडे वळला.

एक मुलगी तेवढी थांबली. खांद्यावर पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, टाचेकडे झिजलेले. ही रोज पळत असणार. ती फ्लेक्स वाचत होती. तिच्या आईने एकदा रिक्षाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि लेकीच्या दंडाला धरून चालू लागली. मुलगी मागे वळून बघत होती. आत्या उठली. तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली. मग तिने माझ्याकडे वळून हवेतच हात उचलला आणि दोन बोटांनी काहीतरी आडवं सरकवलं. पुन्हा सरकवलं. तिचे डोळे भरले होते.

मी स्कार्फ खाली ओढला.

“ओ मावशी, थांबा की! बाथरूमला आतनं कडी हाय! मी सोता लावून बघितलीया!”