भिडेची व्होडका

नुकादा यासुहेई म्हणजे देवमाणूस. आमच्या कितामोरो गावात कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. मला मात्र विचारू नका. माझा बार त्या देवमाणसानं बुडवला, आणि तोही कमरेत वाकून, "त्रास दिला, त्रास दिला" म्हणत. एखाद्या लबाड माणसानं बुडवला असता तर निदान चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. याला शिव्या घातल्या तर गावात मलाच लोक हडळ म्हणतात. म्हणू देत.

आधी त्याच्याबद्दल सांगते. गावच्या सहकारी संस्थेच्या बटाट्याच्या गोदामावर त्यानं सगळी नोकरी काढली. बुटका, मोठ्या कानांचा, कायम अर्धा वाकलेला. कुणाचा ट्रॅक्टर चिखलात रुतला की दोर घेऊन हा हजर. कुणाच्या मुलीचं जमत नाही, हा स्थळ आणणार. म्हातारी आजारी पडली, हा गाडी काढून आबाशिरी शहरातल्या दवाखान्यात नेणार. माझा नवरा गेला त्या हिवाळ्यात मी उठायच्या आत माझ्या दारातलं बर्फ कुणीतरी ओढून जायचं. मला वाटायचं नगरपालिकेची माणसं असतील. मार्च उजाडल्यावर शेजारणीनं सांगितलं, नुकादा येऊन जातो. मी आभार मानायला गेले तर हाच ओशाळला. बदल्यात त्यानं कधी कुणाकडे काही मागितलं नाही. अशा माणसापासून लांब राहावं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. जो मागतो त्याचं देऊन टाकता येतं. जो मागतच नाही त्याचं ओझं सगळ्या गावानं जन्मभर वाहायचं.

पुढं स्टार्चला भाव राहिला नाही. बटाटा शेतात कुजायला लागला, तेव्हा नगरपालिकेतल्या कुणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं की आपण व्होडका गाळू. बटाटा आपला, पाणी आपलं, थंडी तर आपलीच. जुन्या गोदामात तांब्याचं यंत्र बसवलं. निळ्या काचेची बाटली, तिच्यावर कोल्ह्याचं चित्र. नुकादा तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. विक्रीचं लोढणं त्याच्या गळ्यात अडकवलं. नाही म्हणणं त्याला येतच नव्हतं.

तो बाटल्या घेऊन साप्पोरोला गेला, तोक्योलाही गेला. तोक्योच्या व्यापाऱ्यांनी चव घेतली आणि म्हणाले, "फारच रंजक आहे, आम्ही अवश्य विचार करू." याला वाटलं, काम झालं. तोक्योचा माणूस रंजक म्हणाला की मुकाट्यानं पेटी उचलून घरची गाडी धरावी, एवढं लहान पोरालाही कळतं. नुकादा मात्र टेलिफोनची वाट बघत बसला.

आता या देशात व्होडका पितं कोण? तसं बघितलं तर सगळेच पितात. चोवीस तासांच्या दुकानात जा. लिंबाचे, द्राक्षाचे, पीचचे फसफसणारे डबे छतापर्यंत रचलेले असतात, आणि त्यातल्या कितीतरी डब्यांत व्होडकाच असते. कामावरून सुटलेला माणूस दोन डबे उचलतो, घरी टीव्हीसमोर रिचवतो आणि झोपतो. पण व्होडका म्हणून, बाटलीतून, पेल्यात ओतून? तसलं तोक्योतली केस रंगवलेली पोरं करत असतील. आमच्याकडची माणसं जवाची शोचू घेतात, हिवाळ्यात गरम पाणी घालून, उन्हाळ्यात बर्फ घालून. वाफेबरोबर धान्याचा वास नाकात जायला हवा, तर ती दारू. व्होडकाला ना वास ना चव. ती लपवून विकायची वस्तू आहे, आणि नुकादाला ती मिरवायची होती.

त्याला वाटलं, आपलंच गाव पीत नाही तर बाहेरच्यानं का प्यावी. म्हणून तो माझ्याकडे आला.

माझा बार म्हणजे सुझुरान. एक लांब फळकूट, त्याच्यासमोर खुर्च्या, मागे बाटल्यांची फळी आणि मधे मी. आमच्या असल्या दुकानांची एक रीत आहे. गिऱ्हाइकानं अख्खी बाटली विकत घ्यायची. तिच्या गळ्यात त्याच्या नावाची चिठ्ठी दोऱ्यानं अडकवून मी ती फळीवर ठेवणार. पुढच्या वेळी आला की आपल्याच बाटलीतली प्यायची. पैसे द्यायचे ते फक्त बर्फाचे, चखण्याच्या वाळक्या माकुळाचे आणि माझ्या बडबडीचे. बाटली संपली की नवी. फळीवरची नावं म्हणजे माझं सगळं भांडवल. नवऱ्यामागे मी त्या नावांवरच जगले.

नुकादा एका शनिवारी संध्याकाळी आला, कोपऱ्यात बसला आणि निळी बाटली फळकुटावर ठेवली. घ्या म्हणाला नाही. बरी आहे, एवढंही म्हणाला नाही. नुसता दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला. सगळे त्या बाटलीकडे बघायला लागले. सुतारकाम करणारा ओरितो शेवटी घसा साफ करत म्हणाला, "ताई, माझ्या नावानं एक ठेवा." ओरितोचं लग्न नुकादानं जमवलेलं. मग न्हावी साकाकुरा म्हणाला, "मलाही." त्याच्या मुलाची नोकरी नुकादानं लावलेली. मग तर रांगच लागली. मी चिठ्ठ्या लिहीत होते आणि मनात म्हणत होते, तोमोए, आता तुझं काही खरं नाही.

पहिल्या रात्री सगळ्यांनी गरम पाणी घालून घेतली. पेल्यातून वाफ आली ती थेट इंजेक्शनच्या खोलीतली.

"स्वच्छ आहे," साकाकुरा नुकादाकडे बघत म्हणाला.

"अगदी स्वच्छ," ओरितो म्हणाला.

नुकादाचे कान लाल झाले. खूश झाला की त्याचं तसं व्हायचं. तो उठून गेल्याबरोबर ओरितोनं पेला नाकाला लावला. "ताई, यात बटाटा कुठाय?"

"बटाटा गोदामातच राहिला," साकाकुरा म्हणाला. "बटाट्याला अक्कल होती."

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मीही हसले. पण ते हसणं फार दिवस पुरलं नाही, कारण पुढच्या आठवड्यात साकाकुरा आलाच नाही, मग ओरितो आला नाही, मग एकेक करून सगळेच यायचे बंद झाले.

गोम अशी की फळीवर स्वतःची भरलेली बाटली असताना दुसरं काही मागवता येत नाही. बायकोनं वाढलेलं ताट सरकवून शेजारी जेवायला बसण्यातलाच तो प्रकार. त्यात ती बाटली नुकादाची. तो आठवड्यातून एकदा यायचाच, आणि नावं बाहेरच्या बाजूला, काच पारदर्शक, कुणाची किती उतरली ते कुणालाही दिसणार. म्हणजे सुझुरानला जायचं तर व्होडका प्यायची. ती घशाखाली उतरत नाही, तर जायचंच नाही. कुणी मला एका शब्दानं सांगितलं नाही. वाटेत भेटले की "हल्ली फार काम असतं, ताई" म्हणत फुटपाथ बदलायचे.

एकदा ओरितो मला त्या चोवीस तासांच्या दुकानात सापडला. हातात टोपली, टोपलीत लिंबाचे डबे. मी एक डबा उचलून त्याच्या नाकासमोर धरला.

"ओरितोसान, हे वाचा."

"लिंबू," तो म्हणाला.

"खाली बारीक लिहिलंय ते."

त्यानं चष्मा वर केला, खाली केला. "व्होडका."

"मग? माझ्याकडे तुमच्या नावाची अख्खी बाटली उभी आहे ती कशाची?"

"यात लिंबू आहे, ताई."

"मी पिळून देते लिंबू. किती हवीत?"

"तसं बरं दिसणार नाही," तो म्हणाला आणि डबा माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "नुकादासानना वाटेल, नुसती आवडत नाही."

मी मूळची ओसाकाची. आमच्याकडे मासा शिळा असेल तर कोळणीच्या तोंडावर सांगतात, ती दोन शिव्या घालते आणि ताजा देते. लग्न होऊन या गावात आले त्याला तीस वर्षं झाली, पण इथली ही मूग गिळायची सवय मला काही जडली नाही. त्या दिवशी दुकानाच्या दारात उभी राहून मी ठरवलं, ही माणसं सांगणार नाहीत तर मी सांगते. माझी चूल विझायची वेळ आली होती. नुसती फळी भरलेली बघून भाडं देता येत नाही.

नुकादा पुढच्या शनिवारी आला. दुकानात दुसरं कुणीच नव्हतं. त्यानं आपल्या बाटलीतली थोडी घेतली आणि फळीकडे बघत राहिला. निळ्या बाटल्यांची रांग, सगळ्यांच्या गळ्यात नावं.

"बरं वाटतं बघून," तो म्हणाला. "मी कारखान्यात सांगितलंय, पुढच्या हंगामाला जास्त गाळा. गावाला पटलीय."

"नुकादासान, बाटल्या भरलेल्या आहेत."

"चांगल्या दिवसासाठी राखल्या असतील."

"कुणाच्या लग्नासाठी नाही राखल्या. कुणी पीतच नाही. कुणालाही आवडत नाही, एकालाही नाही. त्या दिवशी तुम्ही इथे येऊन बसलात म्हणून घेतल्या. आणि आता ती प्यायला लागू नये म्हणून माझ्याकडे यायचे बंद झालेत. माझं दुकान बसलंय."

त्याचे कान लाल झाले नाहीत, पांढरे पडले. पेल्यातली उरलेली त्यानं संपवली, खिशातला रुमाल काढून पेल्याखालचं ओलं पुसलं, उभा राहिला आणि इतका खाली वाकला की मला फक्त त्याचं टक्कल दिसत होतं. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्रास दिला," म्हणाला आणि गेला. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. त्या रात्री मी निवांत झोपले.

तो मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारोदार फिरायला लागला. बर्फ पडत होतं. प्रत्येक घरासमोर टोपी काढून वाकायचं आणि म्हणायचं, "तुम्हाला नको ती वस्तू घ्यायला लावली, क्षमा करा, बाटली मी परत घेतो." ओरितोच्या दारात तो इतका वेळ वाकून होता की ओरितोच्या बायकोला रडू फुटलं. एकानंही "घ्या परत" म्हटलं नाही. कसं म्हणणार? "छे छे, आम्हाला फार आवडते," असंच सगळे म्हणाले.

त्याच्या पुढच्या शनिवारी संध्याकाळी माझं दार उघडलं आणि सगळे एकदम आत आले. ओरितो, साकाकुरा, टपालवाला, बर्फाच्या कारखान्यातले दोघे भाऊ, सगळे. मला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली. मी माकूळ भाजायला घेतला.

"काही नको, ताई," साकाकुरा म्हणाला. "फक्त बाटल्या द्या."

त्यांनी प्यायला सुरुवात केली. पाणी नाही, बर्फ नाही, बोलणं नाही. पेला भरायचा, डोळे मिटून ओतायचा, परत भरायचा. ओरितो बाहेर जाऊन ओकून आला आणि परत भरून घेतली. मी म्हणाले, "अहो, मरायचंय का तुम्हाला? ठेवा ती बाटली." टपालवाल्यानं पुढचा पेला भरला.

शेवटी साकाकुरा म्हणाला, "तुम्ही त्यांना दारोदार वाकायला लावलंत."

"मी खरं तेच सांगितलं."

"खरं आम्हालाही माहीत होतं, ताई."

बाटल्या रिकाम्या झाल्या तसा एकेकानं आपल्या बाटलीच्या गळ्यातला दोरा सोडवला आणि नावाची चिठ्ठी खिशात घातली. चिठ्ठी माणूस कधी नेतो ते मला ठाऊक आहे. गाव सोडून जाताना. किंवा तो मेल्यावर त्याची बायको येऊन नेते. मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, "ओरितोसान, नवी बाटली कसली ठेवू? जवाची ठेवू?" तो माझ्याकडे न बघता अंग चोरून बाजूनं निघून गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले. तेव्हा मी रडले. दुःखानं नाही, संतापानं. ज्यानं त्यांच्या गळी ती उतरवली त्याच्यासाठी त्यांनी आतडी जाळून घेतली आणि जिनं सोडवलं तिला वाळीत टाकलं. हे गाव आहे. याला लोक सज्जनांचं गाव म्हणतात.

त्यानंतर फळी रिकामी. मी रोज संध्याकाळी पाटीचा दिवा लावायचे, पाणी गरम ठेवायचे आणि बसून राहायचे. दारावरून जाणाऱ्यांची पावलं बर्फात वाजायची, थांबायची नाहीत.

फेब्रुवारीत एक दिवस दार सरकलं. नुकादा होता. वाळला होता, कोट अंगावर लोंबत होता. व्होडकाचा कारखाना बंद झाल्याचं मी ऐकलं होतं. तो त्याच कोपऱ्यात बसला आणि म्हणाला, "ताई, जवाच्या शोचूची एक बाटली द्या. माझं नाव लावा."

मी बाटली काढली. चिठ्ठी घेतली, पेन घेतलं. आणि हात थांबला.

"नुकादासान, एक विचारते. ही तुम्हाला प्यायची आहे, की माझी भीड म्हणून घेताय?"

त्यानं मांडीवरचे हात उचलून फळकुटावर ठेवले.

"भीड म्हणून," तो म्हणाला. "मला दारू आवडतच नाही, ताई. कुठलीच. कधीच आवडली नाही."

तीस वर्षांत या गावातल्या माणसानं मला तोंडावर खरं सांगितलं ते हे पहिल्यांदा. आणि सांगितलं कुणी, तर यानं. मला त्याचा इतका राग आला की बाटली डोक्यात घालावीशी वाटली, आणि त्याच क्षणी असंही वाटलं की या गावात बसून बोलण्यासारखा माणूस असेल तर हा एकटाच आहे. भिडेचं एक नाव फळीवर लावून मला आणखी एक हिवाळा काढता आला असता. एकाचं बघून दुसराही आला असता. तो त्यासाठीच आला होता, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

मी बाटली उचलली आणि नाव न लावता परत फळीवर ठेवली.

"घरी जा, नुकादासान," मी म्हणाले. "सांभाळून जा, बाहेर निसरडं आहे."

तो उठला, वाकला, आणि या खेपेला "त्रास दिला" म्हणाला नाही. तो गेल्यावर मी बाहेरच्या पाटीचा दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी लावला नाही.