‘मी’ म्हणजे कोण

हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईंना सगळे हॅलोताई म्हणत. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती, टेबलफॅनची मान एकाच बाजूला अडकलेली होती आणि खुर्चीचा एक हात कधीच निखळून गेला होता. पण कानाला हेडफोन लावून ताई बसल्या की अख्ख्या इमारतीची नाडी त्यांच्या हातात. नुसत्या खाकरण्यावरून त्या माणूस ओळखत. पलीकडून कुणी “मी बोलतोय” एवढंच म्हणावं आणि ताईंनी त्याच्या कालच्या सर्दीची चौकशी करावी, की समोरचा गार. आपल्या या कानाचा त्यांना गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

मग एक्स्चेंज बंद व्हायचं ठरलं. फोन आता आपले आपण जोडले जाणार होते. व्यवस्थापकांनी ताईंना बोलावून गोड आवाजात दोन वाटा दाखवल्या. संगणक विभागाच्या मदत-कक्षात जागा होती, पण त्यासाठी नेटवर्क सुरक्षेचा प्राथमिक वर्ग करून परीक्षा पास व्हायला हवं. नाहीतर तळघरात चादरींचं भांडार होतंच. चादरींना ताईंची हरकत नव्हती. पण चादरी बोलत नाहीत. ताईंनी वर्गात नाव घातलं.

शिकवणारी मुलगी ताईंच्या भाचीच्या वयाची आणि जिभेची तिखट, म्हणून पहिल्याच दिवशी तिचं नाव मास्तरीण पडलं. तिनं विचारलं, आपल्या हॉस्पिटलची फायरवॉल कुठे असते, कुणी सांगेल? ताईंनी तत्परतेनं व्हरांड्यातल्या वाळूच्या लाल बादल्यांकडे बोट केलं. वर्ग खो-खो हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते एक्सरेवाले. प्रत्येक निरोप समारंभात नकला करून टाळ्या घेणारा हा गृहस्थ वर्गाला येत होता तो मुख्यतः एक्सरेच्या खोलीतून सुटका म्हणून. मास्तरीण मात्र हसली नाही. बाहेरची आग बाहेरच थोपवायची, काम तसं तेच आहे, म्हणाली. ताईंना ती तेव्हापासून आवडली.

पुढचं त्यांना भराभर उमगत गेलं. यंत्राचा पत्ता म्हणजे इमारतीचा नंबर आणि पोर्ट म्हणजे आतली एक्स्टेन्शनं, हे कळल्यावर तर त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, की जी वापरात नाहीत ती सरळ बंद ठेवावीत. उगाच कशाला वाजत ठेवायची? मास्तरणीनं शाबासकी दिली. गाडी अडली ती भलत्याच ठिकाणी. ओळखीचा माणूस फोनवर नवा पासवर्ड मागत असेल तर काय कराल, या प्रश्नाला ताईंनी लिहिलं, आवाज ओळखीचा असेल तर द्यावा. त्यावर लाल शाईचा एवढा मोठा गोल आला.

“ताई, घरी दारावर थाप पडली की काय विचारता?”

“कोण आहे, म्हणून.”

“उत्तर काय येतं?”

“मी.”

“आणि तुम्ही दार उघडता.”

“अगं, सासरे असतात ते.”

“कशावरून?”

“‘मी’ म्हणाले ना ते.”

“जगात जो तो मीच असतो, ताई,” मास्तरीण म्हणाली. “ते काही उत्तर नव्हे.”

मग तिनं समजावून सांगितलं. मी अमका असं म्हणणं वेगळं आणि ते पटवून देणं वेगळं. ज्याचं त्यालाच माहीत असेल असं काही विचारावं, नाहीतर सरळ फोन ठेवावा आणि आपल्याकडे नोंदलेल्या नंबरावर आपणच उलट लावावा.

त्याच संध्याकाळी सासरे फिरून आले. ताईंचा नवरा टँकर घेऊन महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर, त्यामुळे घर या दोघांचंच. थाप पडली. कोण? मी. मी म्हणजे कोण?

“सूनबाई, बरं आहे ना तुला?”

ताईंनी दाराआडूनच सगळा धडा सांगितला. म्हाताऱ्यानं कुरकुर करावी की नाही? उलट त्याला चेवच आला. दर आठवड्याला नवा परवलीचा शब्द ठरवायचा, असा हुकूम त्यानंच काढला. मग स्वतःच विसरून तो दाराबाहेर ताटकळायचा. एकदा तर विसरू नये म्हणून त्यानं शब्द शेजारीणबाईंकडे सांगून ठेवला. त्यावर ताईंनी जे तोंड सोडलं, ते मास्तरणीनं ऐकलं असतं तर तिथल्या तिथे पास केलं असतं.

लेखी परीक्षा सहज निघाली. उरली ती तोंडदेखली नव्हे, खरीखुरी. आठवडाभर मदत-कक्षात बसायचं; त्यात कुणीतरी केव्हातरी फसवायला येईल, एवढंच सांगितलं होतं. कुणी आलंच नाही. शेवटच्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“मी बोलतोय.”

मोठे सर्जन. तोच नाकातला स्वर, दोन वाक्यांमध्ये जीभ टाळ्याला लावून केलेला तोच ‘च्च’. खातं बंद पडलंय, पेशंट टेबलावर आहे, नवा पासवर्ड द्या, आत्ता. ताईंच्या कानानं छातीठोकपणे सांगितलं, तेच आहेत. बोटं कीबोर्डकडे गेलीसुद्धा. खरंच ते असले आणि आपण अडवलं, तर पेशंटचं काय? आणि उद्यापासून चादरी.

“फोन ठेवा, डॉक्टर. मी तुमच्या नंबरवर लावते.”

“माझा आवाज ओळखला नाहीत? इतक्या वर्षांनी?”

घाव नेमक्या जागी बसला.

“आवाज ओळखला. माणूस ओळखायचा राहिलाय.”

त्यांनी फोन ठेवला आणि सर्जनांचा नंबर लावला. पलीकडून तोच नाकातला स्वर आला, भरल्या तोंडाचा. मी? मी कशाला फोन करू? मी जेवतोय.

दार उघडून मास्तरीण आत आली. तिच्या मागे, ओशाळे हसत, एक्सरेवाले.

पास झाल्याचं ताईंच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आधी शिरलं ते हे, की आपला कान फसला. त्यांनी एक्सरेवाल्यांकडे नीट पाहिलं.

“तो ‘च्च’ जरा जास्तच झाला,” त्या म्हणाल्या.

“मग ओळखलं का नाही?”

“आत्ता सुचतंय.”

आणि त्यांनाच हसू फुटलं.

त्या संध्याकाळी घरचे जिने त्या जवळजवळ पळतच चढल्या. थाप मारली.

“कोण?” आतून सासरे.

“मी.”

“मी म्हणजे कोण?”

नवा शब्द सकाळीच ठरला होता. तो पार उडून गेला होता.

“बाबा, पास झाले मी.”

“ते मग. शब्द?”

“मदत-कक्ष, संगणक विभाग.”

“हा शब्द नाही.”

“माहीत आहे. पण एकदा म्हणून बघितलं.”

आत चपला सरपटत लांब गेल्या. ताई पायरीवर टेकल्या. आता म्हातारा चहा करून एकटाच पिणार, अशी त्यांची खात्री झाली. तेवढ्यात पिशवीतला मोबाइल वाजू लागला. पडद्यावर घरचाच नंबर.

“हॅलो,” त्या म्हणाल्या, आयुष्यभर म्हणत आल्या तसं.

आतून कडी सरकली.