दुपट्ट्याची गाठ

भादव्यातली झाकोळलेली सकाळ होती. माझी मुलगी तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटी काढत होती. उन्हाळ्यात नागपूरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण त्या दिवशी ऊन नव्हतं, धूळही नव्हती.

"काहून बांधलं वं?" मी विचारलं.

"सवय," ती म्हणाली आणि मिहानमधल्या तिच्या कंपनीत कामावर गेली.

तिच्या वयाची असताना मी सक्करदऱ्याहून हिंगण्याच्या कारखान्यात लुनावर जायची, तोंडाला असाच दुपट्टा बांधून. माल तपासायचं काम होतं आणि मला ते फार आवडायचं. एक मोटारसायकलवाला रोज मागे लागायचा. एकदा त्याने चालत्या गाडीवर माझ्या कमरेला हात घातला, मी लुनासकट रस्त्यावर आपटले. वडील मला चौकीत घेऊन गेले. हवालदाराने कागदावर 'छेडछाड' लिहिलं, पेन खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता वडिलांना विचारलं, "पोरीचं तोंड बांधून होतं न? मंग त्यानं ओळखलं कसं?"

तो माझी लुना ओळखत होता, माझी वेळ ओळखत होता. मी तसं सांगितलं.

"म्हणजे ओळखीचाच हाय," हवालदार म्हणाला.

घरी आल्यावर वडील चपला काढताना म्हणाले, "उद्यापासून तुले जायचं नाही." नोकरी गेली. तो मात्र त्याच रस्त्याने फिरत राहिला असणार.

छेडछाड या शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. पुढे मी शब्दकोश काढून पाहिला. छेडणे म्हणजे डिवचणे, खोडी काढणे, सतारीची तार छेडणे. इंग्रजी पेपरवाले 'ईव्ह टीझिंग' लिहायचे. हा शब्द साहेबाच्या देशातला नाही, आपल्याकडेच घडलेला. बायबलातल्या पहिल्या बाईचं नाव आणि पुढे चिडवाचिडवी. म्हणजे जगातल्या पहिल्या बाईपासून आमची गंमतच चालली आहे म्हणायची. माझ्या गुडघ्यावर अजून व्रण आहे. ज्याला कधी कोणी रस्त्यावर पाडलं नाही, त्यानेच हे शब्द केले असणार.

संध्याकाळी मुलगी आली. कुकर लावता लावता मी पुन्हा विचारलं.

"थोडी छेडखानी होऊन राहिली, आई. काही नाही."

"तो शब्द नको. त्यानं काय केलं ते सांग."

तिने सांगितलं. उड्डाणपुलाखालून रोज एक जण मागे येतो, आज त्याने तिचा दंड धरून ओढला. बोलताना ती स्वतःचाच दंड चोळत होती.

"बाबाले नको सांगू," ती म्हणाली. "मले नोकरी सोडायची नाही."

माझा नवरा वाईट माणूस नाही. तो तिला तडक चौकीत नेईल. तिथे कोणीतरी पेन खाली ठेवून तोच प्रश्न विचारेल, आणि घरी आल्यावर चपला काढताना तोही माझ्या वडिलांसारखाच तिला उद्यापासून जाऊ नको म्हणेल. मी सांगितलं नाही. रात्रभर सांगावं की नाही करत पडून राहिले.

सकाळी पुन्हा आभाळ होतं. दुपट्ट्याची गाठ बांधायला तिचा दुखरा हात मागे पोचत नव्हता. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"घट्ट बांध," ती म्हणाली.

मी बांधली.