कार्डावरचा दुसरा डोस

चूक माझी होती, आणि ती मी हळदीच्या मांडवापायी केली.

मुलगी दीड वर्षाची होती. पुतण्याच्या हळदीच्या आदल्या दिवशी नर्सताईंचा निरोप आला, गोवराचा दुसरा डोस राहिलाय, घेऊन या. आमच्याकडे हळद लग्नाहून मोठी. अख्खा गाव मांडवात असतो. सुईने पोर तापली, तर आलेल्या माणसांचं कोण बघणार? मी नुसतं कार्ड घेऊन गेलो आणि सांगितलं, डोस पनवेलला खासगी दवाखान्यात झाला.

"दादा, तुमच्या शब्दावर लिहिते हां," त्या म्हणाल्या, आणि "बाहेर घेतला" असं लिहिलं. घरी बायकोलाही तेच कार्ड दाखवून सांगितलं, डोस झालाय.

हळद उरकली की डोस देऊन टाकू, असं मनाशी ठरवलं होतं. पण कार्डावर झालेला डोस परत कुठल्या तोंडाने मागायचा? आज जाऊ, उद्या जाऊ करत अडीच वर्षं गेली.

मग खाडीपलीकडच्या पाड्यात गोवर आला, आणि थोड्याच दिवसांत आमच्या घरात. मुलीच्या अंगावर पुरळ उठलं, छाती भरली. पाच दिवस अलिबागला दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी कार्ड बघून विचारलं, तेव्हा त्यांना एकट्यांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "दुसरा डोस झाला असता तर बहुतेक हे टळलं असतं. घरी माहीत आहे?" मी मान हलवली. नाही.

घरी आणल्यावर आईने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. गोवर पाळायचा म्हणून फोडणी बंद, येणंजाणं बंद. मी न्हावा शेव्याच्या बंदरात कामावर सुट्टी टाकून घरात बसलो. बिनफोडणीचं वरण मी ताटात तसंच ठेवायचो. मुलगी झोपेत खोकायची आणि मी भिंतीकडे बघायचो.

"दोन्ही सुया दिल्या व्हत्या ना रे?" बाबांनी विचारलं.

"दिल्या होत्या."

मुलगी बरी झाली. मला वाटलं, सुटलो.

बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे. उभा जन्म मिठागरात गेला. रोज सकाळी बांधावरून जेटीपर्यंत चालायचं, तिथे दोन सोबत्यांबरोबर तासभर बसायचं, हा त्यांचा नेम. डॉक्टर म्हणायचे, हे चालणं आणि हे माणसांत बसणं सोडू नका, मीठ कमी खा, आणि दरवर्षी फ्लूची लस घ्या. "मिठागरवाल्याला सांगतो मीठ कमी खा," असं म्हणत बाबा हसायचे, पण लस न चुकता घ्यायचे. त्या वर्षी मात्र ते लस घ्यायला गेले नाहीत.

"पोरीला दोन सुया देऊन काय उपेग झाला? मग मना कशाला टोचता?"

बोलायला हवं होतं. मी जेवत राहिलो.

काही दिवसांनी त्यांना न्यायला मोटारसायकल घेऊन जेटीवर गेलो. त्यांचा एक सोबती सांगत होता, "नर्स आलेली आज. नातवाला नऊ महिने झाले ना, तर गोवराची सुई घ्या म्हणते. सुनेला बोललो, न्हाय द्यायची. यांच्या घरात बघितलं ना आपण."

"व्हय, फुकटचं पोराला रडवायचं," बाबा म्हणाले.

दुसरा सोबती माझ्याकडे बघून हसला. "काय रे, खरं हाय ना?"

तिघांची तोंडं माझ्याकडे. एवढा मोकळा खाडीकाठ, पण मला पाऊल टाकायला जागा नव्हती. हो म्हटलं की ते बाळ बिनलसीचं राहणार, आणि बाबाही. मी गाडी स्टँडवर लावली आणि त्यांच्यासमोर बांधावर बसलो.

"खरं नाही. दुसरी सुई मी पोरीला दिलीच नव्हती. हळदीत पोर तापायला नको म्हणून मी नर्सताईंना खोटं सांगितलं."

बाबांनी चप्पल घालायला पुढे केलेला पाय तसाच ठेवला. "आणि मना?"

"तुम्हालाही. तुम्ही माझ्या शब्दावर विसंबून लस सोडलीत, गावात सांगत राहिलात, आणि मी ऐकत राहिलो." मग त्यांच्या सोबत्याकडे वळून म्हणालो, "काका, नातवाला उद्याच न्या. आमच्या घराचं नाव घेऊन थांबू नका." "बाबा, मी तुम्हाला खोटं पाडलं, तेही तुमच्या माणसांत. म्हणून इथेच, यांच्यासमोर माफी मागतो. मला माफ करा."