बेसमेंटमधला कॉर्न स्नेक

पन्नाशी ओलांडल्यावर मी कॅनडात, एडमंटनच्या घरात साप आणला. मुलीसाठी नव्हे, स्वतःसाठी. हे सांगताना आजही मान खाली जाते, पण माघार घेणार नाही.

आधी बॉल पायथन या छोट्या अजगरावर जीव जडला होता. शांत, जाडसर, हातात घेतला की वेटोळं करून बसणारा. पण तो हिवाळ्यात महिनोन्महिने खाणं सोडू शकतो, असं वाचलं आणि स्वतःचा स्वभाव ओळखून थांबलो. मुलगी वॉटर्लूला शिकायला गेली तेव्हा 'जेवलीस का' विचारून विचारून मी तिला हैराण केलं होतं. उपाशी साप मला झेपला नसता. कॉर्न स्नेक नेमाने खातो, बिनविषारी, अंगाने सडपातळ. एकच खोड: फट दिसली की पळतो. म्हणून आधी कुलपाच्या झाकणाची काचपेटी घेतली, एका टोकाला ऊब लावली, तापमान स्थिर राहतंय याची खात्री केली आणि मगच नारिंगी पिल्लू आणलं. रानातून धरलेलं नव्हे, माणसांच्या देखरेखीत जन्मलेलं.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, त्याच्या उंदरांना वेगळा फ्रीजर घ्या. माझ्या मटणाशेजारी नकोत."

आमच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी बुद्धवंदना व्हायची. येणाऱ्यांत सर्वांत ज्येष्ठ असलेले काका सापाची पेटी पाहून दारातच थांबले.

"पंचशील घेतोस ना रे? प्राणिहत्या करणार नाही म्हणतोस आणि याला उंदीर चारतोस?"

"मेलेलेच मिळतात, काका. गोठवलेले."

"कुणीतरी मारले ना? तुझ्यासाठीच!"

"काका, मागच्या रविवारी बिर्याणीतलं लेगपीस कुणी मागितलं होतं?" बायकोने विचारलं. दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही. गोठलेला उंदीर कोमट पाण्यात सोडताना आजही दर वेळी काकांचा प्रश्न टोचतो.

हसण्याने काका चिडले. "तुझ्या बापाने गावात जन्मभर साप मारले. हे बघून काय म्हणाला असता?"

हे मात्र वर्मी लागलं. गावात एरवी सवर्ण लोक आम्हाला ओट्यावरही चढू देत नसत. साप निघाला की वडिलांना थेट माजघरात बोलवायचे. साप मेला की वडील बाहेर, आणि मागे घर धुऊन काढायचे.

"ते मारत नव्हते, काका. गाव त्यांच्याकडून मारून घेत होतं," मी म्हणालो. "मला कुणी बोलावलेलं नाही. हा मी निवडलाय."

"मग इथे साप तरी राहील, नाहीतर वंदना तरी."

"साप राहील. वंदना तुमच्याकडे ठेवा. मी येईन."

पुढच्या रविवारी काकांच्या घरी गेलो. मागे बसलो. पहिलं शील, प्राणिहत्या न करण्याचं, म्हणताना अडखळलो, तरी मोठ्याने म्हटलं. चहा झाला, माझ्याशी कुणी बोललं नाही. मी कप विसळून ठेवला आणि काकांसमोर जाऊन उभा राहिलो.

"पुढच्या रविवारी किती वाजता?"