बेंबीवाली गोटी
आमच्या दिवेआगरच्या घरी उतरलेल्या एका पाहुण्याने गेल्या महिन्यात मोदकपात्रात खडखडणारी गोटी पाहिली आणि तो ओरडला, "आजी, एवढी जुनी गोटी उकळता काय!" पाणी संपलं की तिचं वाजणं थांबतं, म्हणून मी ती तळाला टाकते. तो अशा गोट्या जमवतो. हिरव्या काचेतले पांढरे वळसे जिथे संपतात, तिथला खरखरीत ठिपका त्याने मला भिंगातून दाखवला. गोटी हाताने केली की काच तोडल्याची ही खूण राहते, म्हणाला. "बेंबी," मी म्हटलं. तो शब्द माझ्या थोरल्या बहिणीचा. आम्हा दोघींकडे एकेक हिरवी गोटी होती. माझी वाडीच्या पाटात हरवली, तेव्हा मी तिचीच गोटी माझी म्हणून रडायला लागले. आई सुपारी सोलत होती. बहीण तिला म्हणाली, "आये, माझ्या गोटीला बेंबी हाय, हिच्या गोटीला नव्हती. बघ तरी." "काचेला कसली गो बेंबी? महिन्यावर लगीन आलंय तुझं नि गोट्या खेळतेस! दे तिला." तिने गोटी माझ्या हातावर ठेवली आणि सुपारी सोलायला बसली. बेंबी माझ्या अंगठ्याला लागली, तरी मी मूठ मिटली. बहीण म्हसळ्याला सासरी गेली आणि पहिल्याच बाळंतपणात वारली. मी तेव्हा रडले नाही, आताही रडत नाही. जाताना पाहुण्याने गोटी मागितली. "माझी न्हाय ती, कशी देऊ?" असं म्हणून मी ती पुन्हा मोदकपात्रात टाकली.